पाठ न फिरवणारा पॅनमन

सोपानतात्यांसमोर कुणी "हे गुपित आहे" म्हटलं की ते खिशातून मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू करतात. आमच्या कँटीनच्या आचाऱ्यानं आपला रश्श्याचा मसाला असाच गमावला. दुसऱ्या दिवशी तो बारामतीपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर होता. आचाऱ्यानं मग पंधरवडाभर तात्यांच्या ताटात मुद्दाम पातळ रस्सा वाढला. तो भुरकत तात्या म्हणायचे, "लपवायचं काय त्यात?"

बारामती आणि इंदापूरच्या मधल्या एका साखर कारखान्यात मी प्रशिक्षण अधिकारी आहे. कुठल्या ते सांगत नाही, मला अजून नोकरी करायची आहे. तात्या तिथले पॅनमन, म्हणजे पॅन नावाच्या मोठ्या बंद भांड्यात व्हॅक्यूमखाली उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरणारे कारागीर. थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन उजेडाकडे धरायचा, चिमटीत तार ओढून बघायची आणि पाक कुठवर आलाय ते सांगायचं. जुन्या पॅनमनांची एक रीत होती. तार ओढताना हाताखालच्या माणसाकडे पाठ करायची. तो शिकला तर आपल्याला कोण विचारणार, ही भीती.

तात्यांनी ही रीत मोडली. नव्या कामगारांसाठी मी त्यांच्याकडे एक धडा मागितला होता, त्यांनी चाळीस दिले. प्रत्येक धड्यात अंगात इस्त्रीचा शर्ट, तोंड कॅमेऱ्याकडे आणि शेवटी ठरलेलं बोलणं: "घ्या, वाटा, तुमच्या कारखान्यापरमानं बदला. फकस्त कुणाकडनं शिकला तेवढं सांगा." मी ते सगळे मुक्त परवान्यानं इंटरनेटवर टाकले आणि ते कुठच्या कुठे गेले. कुणीतरी तात्यांना कन्नड आवाज दिला. तो धडा तीनदा ऐकून तात्या म्हणाले, "मला एवढी चांगली कन्नड येती हे म्हाईतच नव्हतं." सणसरच्या एका बाईंनी धडा बघून लाडवाचा पाक केला, तो बिघडला, म्हणून त्यांनी फोन केला. तात्यांनी गंभीरपणे विचारलं, "वहिनी, तुमच्या पॅनमधी व्हॅक्यूम किती हाय?"

मग आमच्या कार्यकारी संचालकांना जाग आली. एका प्रशिक्षण कंपनीशी त्यांनी बोलणं केलं. आम्ही टाकलेले धडे इंटरनेटवरून काढून टाकायचे, ते आणि पुढचे सगळे कंपनीचे होणार आणि पासवर्ड असेल त्यालाच दिसणार. तात्यांचं निवृत्तीचं वय झालं होतं. कागदावर सही केली तर आणखी दोन हंगाम पॅनवर, नाही केली तर हंगामाआधीच घरी. सुट्टीच्या दिवशीही हा माणूस पॅनसमोर येऊन उभा राहायचा. सही करतील अशी माझी खात्री होती.

संचालकांच्या केबिनमध्ये तात्यांनी कागद दोनदा वाचला आणि टेबलावर परत ठेवला.

"मी सही करनार न्हाय."

"तात्या, हे कारखान्याचं ज्ञान आहे," संचालक म्हणाले.

"तुमी कदी तार ओढलीया का, साहेब?"

संचालक माझ्याकडे बघायला लागले. मी पंख्याकडे बघितलं.

"माज्या वस्तादानं पाठ फिरवली, मी चोरून शिकलो. आता कुणी चोरून शिकायचं न्हाय. कुलूप घालायचं तर माज्या घराला घाला, ह्याला न्हाय."

"मग मुदतवाढ विसरा."

"इसरलो," तात्या म्हणाले आणि चपला घालून चालू लागले. मला त्यांचा अभिमान वाटला आणि पंख्याकडे बघणाऱ्या स्वतःची लाज वाटली.

हंगाम सुरू झाल्यावर मी डाळजला त्यांच्या घरी गेलो. पॅन नव्हता, म्हणून तात्या अंगणात चुलीवर चहाच्या पातेल्यात गुळाचा पाक करत होते. समोर विटांवर मोबाइल उभा होता. एकेचाळिसावा धडा चालू होता. तो संपेपर्यंत मी थांबलो.

"वाईट वाटत नाही का, तात्या?"

"वाटतं की. हात शिवशिवत्यात रोज." त्यांनी पातेलं खाली उतरवलं. "साहेब, माजा धाकटा भाऊ हरी आठ हंगाम माज्या हाताखाली व्हता. कितींदा म्हनला, दादा, एकदा दाखव. मी त्याच्याकडंबी पाठच केली. सख्ख्या भावाकडं. एक दिस रागानं गेला निघून. कुठंतरी पॅनवर हाय म्हनत्यात. कुठं, ते कुणाला ठाव न्हाय."

तात्यांनी मोबाइलची काच धोतराच्या सोग्यानं पुसली.

"पत्ता असता तर त्याला एकट्यालाच धाडलं असतं. पत्ता न्हाय, म्हनून समद्यांना धाडतुया."