सोनावणेकाकांचा उजवा खांदा

चहात साखर कमी पडली तर सोनावणेकाका तोंडाने बोलत नसत. कप खाली ठेवायचे आणि दोन्ही हात आडवे पसरायचे. वाइड. माझी आई मुकाट्याने अर्धा चमचा साखर आणून घालायची. नळावर कुणी रांग मोडून हंडा लावला की एकच हात आडवा, म्हणजे नो-बॉल. हंडा मागे घ्यावाच लागे. कल्याण पूर्वेच्या कोळसेवाडीतल्या आमच्या चाळीत नव्वदीच्या सुरुवातीला ही भाषा सगळ्यांना येत होती, क्रिकेटमधलं काही न कळणाऱ्या बायकांनासुद्धा.

काका डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. पण ती नुसती नोकरी. खरे ते रविवारचे अंपायर. शाळेमागच्या मैदानावर टेनिस बॉलच्या मॅचेस व्हायच्या, तिथे ते पांढरा कोट घालून उभे राहत. मी स्कोअरर, त्यामुळे त्यांचा प्रत्येक इशारा वाचणं हे माझं काम. काकांनी पन्नाशी आली तरी लग्न केलेलं नव्हतं, त्यांची आई गेल्यापासून ते एका खोलीत एकटेच. कुणी लग्नाचा विषय काढलाच तर म्हणायचे, "अपुऱ्या प्रकाशामुळे खेळ थांबवलाय."

आणि भांडणात त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे: "शंकेचा फायदा फलंदाजाला." उशिरा घरी आलेल्या नवऱ्यांना, नापास झालेल्या पोरांना, सगळ्यांना त्यांनी हा फायदा दिला.

एका रविवारी बॅट्समनने फटका सरळ त्यांच्या अंगावर मारला. काका बाजूला व्हायला गेले, पाय घसरला आणि उजव्या हातावर पडले. उठले, पँट झटकली, डाव्या हाताने आधी चौकार दिला आणि मगच खाली बसले.

पुढे चाळीचे उपचार सुरू झाले. एकजण त्यांना हाडवैद्याकडे घेऊन गेला. त्याने खांदा असा रगडला की काकांना आडवं होता येईना. मग दुसऱ्याने सांगितलं, हात हलवूच नका. काकांनी गळ्यात झोळी बांधली आणि खरंच हलवला नाही. दुखणं थोडं कमी झालं, पण खांदा आखडून बसला. बनियन घालता येईना, केस विंचरता येईनात, वरच्या फळीवरचा डबा निघेना. तरी ते मैदानावर आलेच.

शेवटच्या ओव्हरमध्ये सिक्स गेला. काकांना वाटलं आपण दोन्ही हात वर केले. प्रत्यक्षात डावाच वर गेला, उजवा छातीशी अडकला. एक हात वर म्हणजे बाय, बॅटला न लागता मिळालेली धाव. दोन्ही टीम माझ्याभोवती जमल्या आणि आरडाओरडा सुरू झाला. काका चालत आले. स्वतःच्या उजव्या हाताकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं.

"सिक्स लिही," ते मला म्हणाले. "चूक खांद्याची आहे."

मग कोट काढून त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात निरनिराळ्या दिशांना वळवून, जोर लावायला सांगून तपासला. मग समजावलं, की खांद्याची वाटी उथळ असते, चार स्नायू तिच्यातल्या गोळ्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. त्यातल्या एकाला इजा झालीय, पण तो पुरता तुटलेला दिसत नाही. अशी बरीच माणसं नुसत्या व्यायामाने बरी होतात. काही महिने नेटाने करून बघा, नाहीच जमलं तर ऑपरेशनचं बघू.

"म्हणजे शंकेचा फायदा खांद्याला," काका म्हणाले. आवाज मात्र बारीक झाला होता.

दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. काकांची समजूत अशी, की जितकं दुखेल तितका गुण. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, ओढ बसली तर चालेल, कळ आली की थांबायचं. टेबलाला डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा लंबकासारखा सैल झुलू द्यायचा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी हळूहळू वर चढायचं. पुढे दाराच्या कडीला सायकलची ट्यूब बांधून, कोपर अंगाशी धरून ती ओढायची. उजव्या कुशीवर झोपायचं नाही, बादली उचलायची नाही.

काका गॅलरीतल्या भिंतीवर चढू लागले. बोटं पोचतील तिथे खडूची रेघ. येणारा-जाणारा रेघ बघून जायचा. ती आठवडेच्या आठवडे हलेना. एकदा त्यांनी गुपचूप बादली उचलली आणि रेघ चक्क खाली आली. त्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं. माझी आई बाहेरूनच म्हणाली, "अहो, रेघ ढळली. तुम्ही कशाला ढळताय?" सकाळी बोटं पुन्हा भिंतीवर होती.

पावसाळा सरता सरता रेघ दाराच्या चौकटीवर गेली. दिवाळीनंतर काका पुन्हा मैदानावर उभे राहिले. उजवा हात किंचित कमी जायचा, पण सिक्स ओळखू यायचा.

तरीही दर शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला, ते दवाखान्यात जातच राहिले. मला काळजी वाटली, पुन्हा काही बिघडलं की काय. एका शुक्रवारी मलाही रजा होती, म्हणून मीही गेलो.

काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेजारी खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या जनाबाई. होडीतून उतरताना पडलेल्या, आता स्वतःचा अंबाडाही बांधता येत नव्हता. दोघांची बोटं भिंतीवर बरोबरीने चढत होती. जनाबाईंची खांद्याच्या खालीच थांबली. काकांचीही तिथेच थांबली.

"मना नाय जमत," जनाबाई म्हणाल्या.

"मीही इथेच अडायचो," काका म्हणाले. "थांबू जरा. घाई कुठेय?"

व्यायामाच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की काकांचा खांदा केव्हाच बरा झालाय. आपणहून येतात आणि जो नवा पेशंट घाबरलेला असेल त्याच्या शेजारी उभे राहतात.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, फार चांगलं काम करता, काका. ते संकोचले. शर्टाची बाही उगाच नीट करत राहिले.

"काम कसलं रे," ते म्हणाले. "घरी भिंतीसमोर एकट्याने उभं राहावं लागतं. इथे शेजारी कुणीतरी असतं."

आतून जनाबाईंची हाक आली. "ओ दादा, या ना. मी एकली उबी हाय."

"आलो, आलो," म्हणत काका लगबगीने आत गेले.