कठड्यापाशी भेटलेले मित्रमंडळ

मित्र जोडायला माणसाला वर्षानुवर्षे लागतात, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. योग्य स्थळ, योग्य उजेड आणि थोडे प्रसंगावधान एवढ्या भांडवलावर एका सकाळीत सात-आठ जिवलग मित्र जमवता येतात, आणि त्यांचा छायाचित्ररूपी पुरावाही घरी आणता येतो, असे माझे ठाम मत होते. ‘होते’ हे क्रियापद मी पूर्ण विचारांती योजले आहे!

पुरावा हवा होता माझ्या मुलीला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या संस्थेने तिला कामावर बोलावले होते. उत्तर सोमवारी कळवायचे होते आणि कन्यारत्न नकार कळवायच्या तयारीत होते. कारण काय? तर मी!

“तुम्हाला एकटं टाकून मी जाणार नाही, बाबा. आई गेल्यापासून तुमच्याशी बोलतं कोण? रेडिओ?”

“रेडिओ माझ्याशी बोलत नाही. मी रेडिओशी बोलतो. त्याच्या चुका काढतो.”

“तेच तर म्हणतेय मी!”

येथे मी गप्प बसायला हवे होते. परंतु मी उभी हयात भूमापन कार्यालयात इतरांचे नकाशे तपासण्यात घालवली आहे. समोरच्याच्या विधानात चूक सापडली की ती दुरुस्त केल्यावाचून मला घास गिळवत नाही. आणि चूक सापडली नाही, तर मी अधिकच इरेला पेटतो.

“एकटा? मी? अगं, माझं मित्रमंडळ आहे! आम्ही डोंगरावर जातो.”

“कधी?”

“येत्या रविवारीच चाललोय.”

“मग मंडळाचा फोटो पाठवा. सगळे असलेला, आणि तुम्ही मधोमध. आला तर मी जाते. नाही आला, तर मी इथंच आहे. विषय संपला!”

तिने माझ्यासाठी आपले आयुष्य अर्ध्यावर दुमडून ठेवावे, हे मला मान्य नव्हते. म्हणून रविवारी सकाळी, अंगावर इस्त्रीचा सदरा, पायांत नवे बूट आणि मनात आगामी मित्रांविषयी अपार जिव्हाळा घेऊन, मी राष्ट्रीय उद्यानाच्या बसमध्ये चढलो. दोघांच्या आसनावर शेजारी माझी पिशवी बसली होती. तिला खिडकी दिली.

घाटरस्त्याच्या एका वळणावर डोंगर कोरून गाड्या उभ्या करण्याची जागा केली आहे. पुढे दगडी कठडा, कठड्यापलीकडे दरी, आणि दरीपलीकडे पाच शिखरे. उजेड असा स्वच्छ होता, की दूरच्या कड्यावरची झाडे मोजावीत. कठड्याला लागून एक फलक होता. त्यावर पाचही शिखरांचे चित्र काढून तिसऱ्याखाली ‘सर्वोच्च’ असे लिहिले होते. सर्वोच्च शिखर वस्तुतः चौथे आहे! तिसरे जवळ असल्यामुळे उंच भासते, एवढेच. माझ्या जिभेला कंड सुटली. पण मी तिला बजावले, की आज मैत्री करायची आहे, वाद नाही.

कठड्याशी माणसे दोन-दोन, चार-चार अशी उभी होती. एकेकट्याने उभे असलेले असे आम्ही दोघेच, मी आणि लोखंडी खांबावरची दुर्बीण. एखाद्या घोळक्याशी दोन गोड शब्द बोलावेत आणि ‘या ना, तुम्हीही उभे राहा’ असे निमंत्रण पदरात पाडून घ्यावे, अशी माझी योजना होती. मी एका तरुण जोडप्याकडे पाहून स्मित केले. त्यांनीही केले. यश!

“काका, आमचा एक फोटो काढाल?”

आणि फोन माझ्या हातात! नकार कसा देणार? पण काढायचा तर नीट काढायचा. “तुम्ही जरा डावीकडे सरका. तुमच्या डोक्यातून शिखर उगवलंय. हां. ताई, तुम्ही त्यांच्याकडे बघा; दरीकडे बघितलं की माणूस घाबरल्यासारखा दिसतो. आता हसा. एवढं नको!”

फोटो पाहून जोडपे हरखून गेले. “किती मस्त काढलाय काकांनी!” मी माझा फोन खिशातून बाहेर काढेपर्यंत दुसरे कुटुंब पुढे सरसावले होते. “काका, आमचाही. तसाच, शिखरासकट!” त्यांच्यामागे तिसरे. चौथ्या कुटुंबातल्या आजीबाई तर थेट तक्रार घेऊनच आल्या. “आमच्या जावयानं मघाशी माझे पाय कापले, हो. तुम्ही पायांसकट काढा!”

बघता बघता माझ्यापुढे रांग लागली. मी लोकांना उंचीप्रमाणे लावत होतो, रुसलेल्या बहिणींना एकमेकींजवळ आणत होतो, एका गृहस्थांचे पोट त्यांच्याच मेहुण्याच्या आड दडवत होतो. त्या कठड्यावर त्या सकाळी जितकी कुटुंबे सुखी दिसली, ती सर्व माझ्या हातून सुखी झाली! प्रत्येक जण “थँक्यू काका” म्हणून फोन घेई आणि आपल्या माणसांत निघून जाई. साऱ्या चित्रांच्या अलीकडे, जेथे कोणी पाहत नाही, तेथे मी.

इतक्यात खांद्यावर हात पडला. मागे उद्यानाचा रखवालदार उभा होता. मिशा अशा, जणू दोन खारी नाकाखाली झोपल्या आहेत!

“इथं धंदा करायला परवानगी लागते.”

“मी धंदा करीत नाही.”

“मग ही रांग कशाची?”

“रांग त्यांची आहे. मी केवळ तिच्या पहिल्या टोकाला उभा आहे.”

“शब्दांत खेळवू नका. कोणाबरोबर आलात?”

‘एकटाच’ हा शब्द ओठांपर्यंत आला. पण रांगेतली सारी माणसे माझ्याकडे पाहत होती. आजीबाईही.

“मंडळाबरोबर,” मी म्हणालो.

“कुठंय मंडळ?”

मी डोळे मिटून हात लांबवला. डोळे उघडले, तेव्हा बोटाच्या रेषेत पिवळ्या टोप्या घातलेला वयस्कांचा एक घोळका उभा होता. रखवालदाराने मला दंडाला धरून थेट तेथे नेले.

“हे तुमचे का हो?”

घोळक्याच्या प्रमुख असलेल्या, गळ्यात शिट्टी अडकवलेल्या बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले. आता फजिती अटळ, म्हणून मी क्षमायाचनेचे एक सुबक वाक्य मनात जुळवले. ते तेथेच राहिले.

“अहो, होतात कुठे तुम्ही?” बाई कडाडल्या. “अर्धा तास शोधतोय आम्ही! किती काळजी लागली होती!” आणि त्यांनी एक पिवळी टोपी माझ्या डोक्यावर दाबून बसवली.

उलगडा नंतर झाला. ते एका बँकेच्या निरनिराळ्या शाखांतून निवृत्त झालेले लोक होते. मंडळ नवे, सहल पहिलीच. कोणी कोणाला धड ओळखत नव्हते. मोजणीत एक डोके कमी भरत होते आणि मी डोके घेऊन हजर झालो होतो! मी खुलासा करायला हवा होता, हे निर्विवाद. पण ‘किती काळजी लागली होती’ हे वाक्य मला उद्देशून कोणी उच्चारल्याला बराच काळ लोटला होता. ते चुकीच्या पत्त्यावर आले होते, हे मला ठाऊक होते. तरी मी ते क्षणभर ठेवून घेतले.

“आता फोटो काढून घेऊ,” बाई म्हणाल्या.

“माझ्या फोनवर!” मी जवळजवळ किंचाळलो, आणि फोन रखवालदाराच्या हाती दिला. सारे उभे राहिले. नशीब पाहा, मी मधोमध! एका बाजूला उंच गृहस्थ, दुसऱ्या बाजूला चष्म्याला दोरी बांधलेले. उंच गृहस्थांनी चक्क माझ्या खांद्यावर हात टाकला. रखवालदाराने फोन वर धरला. एका बोटाचे काम उरले होते!

आणि बाई म्हणाल्या, “सर्वांत उंच शिखर येऊ द्या हं मागे. ते तिसरं!”

“क्षमा करा,” मी म्हणालो. “चौथं.”

माझ्या आत कोणी बसले आहे का, जे ऐन वेळी माझाच घात करते? नक्की आहे! आणि त्याने भूमापनात नोकरी केली आहे!

“फलकावर लिहिलंय की तिसरं!” चष्मेवाले म्हणाले.

“फलक चुकला आहे.”

“सरकारी फलक आहे तो!”

“म्हणूनच!”

“काढू का?” रखवालदाराने विचारले.

“थांबा!” आम्ही सगळे एकमुखाने ओरडलो.

“अहो, डोळ्यांना दिसतंय ना तिसरं उंच!” उंच गृहस्थांनी खांद्यावरचा हात काढून नाचवला.

“डोळ्यांना चंद्रही थाळीएवढा दिसतो!”

“हे गृहस्थ बँकेत हिशेब कसे जुळवत होते कोण जाणे!”

“भांडू नका, भांडू नका!” बाईंनी शिट्टी फुंकली. मी दरीकडे हात करून चौथ्या शिखराचा माथा दाखवू लागलो, आणि त्याच क्षणी दरीतून धुके वर आले. माझा मुद्दा धुक्यात गेला. पाठोपाठ तिसरे शिखर, दुसरे, आणि शेवटी फलकसुद्धा!

“काढला,” रखवालदार म्हणाला. “कंटाळून काढला.”

तेवढ्यात मंडळाच्या बसमधून एक स्थूल गृहस्थ जांभई देत उतरले. “झाला का फोटो? मला उठवलं नाहीत?” बाईंनी टोपीवाले मोजले. पुन्हा मोजले. मग साऱ्या टोप्या माझ्याकडे वळल्या.

“मग तुम्ही कोण?”

मी टोपी काढून, घडी घालून परत केली. उंच गृहस्थांनी ती ज्याची त्याला दिली. सगळे बसमध्ये चढले. चष्मेवाल्यांनी खिडकीतून तीन बोटे दाखवली. मी चार दाखवली. बस धुक्यात शिरली.

मी बाकावर बसून फोटो पाहिला. डोंगराचा मागमूस नाही. पाठीमागे पांढरे शून्य. पुढे सात-आठ पिवळ्या टोप्या तोंडे वासून माझ्यावर तुटून पडलेल्या. मध्ये मी, हात लांब केलेला, मान ताठ, डोळे तांबारलेले. मैत्रीचा पुरावा म्हणून याहून वाईट चित्र कोणी मुद्दाम काढू म्हटले तरी काढू शकले नसते! पण दुसरा फोटो नव्हता. पाठवला, आणि शिक्षेची वाट पाहत बसलो.

फोन लगेच आला. पलीकडून नुसते हसू येत होते. हसता हसता ते मध्येच ओले झाले.

“बाबा! सगळेच्या सगळे भांडतायत तुमच्याशी!”

“जरा मतभेद झाले.”

“मला वाटलं होतं, कुणाला तरी धरून हसरा फोटो काढाल आणि पाठवून द्याल. पण इतकं भांडतं का कुणी अनोळखी माणसाशी? हे खरंच तुमचे मित्र आहेत! मी जाते, बाबा. हो कळवते उद्या.”

“कळव,” मी म्हणालो. आवाज नीट निघाला, याचे मला आजही समाधान आहे. परतीच्या बसमध्ये पिशवीला पुन्हा खिडकी दिली. बाहेर तसेही काही दिसत नव्हते.

योजना संपूर्ण यशस्वी झाली! मुलगी गेली, रमली; दर रविवारी फोन करते आणि प्रथम मंडळाची विचारपूस करते. उंच काका कसे आहेत? (गुडघा दुखतो.) चष्मेवाले? (नातवाकडे गेलेत.) शिट्टीवाल्या बाई? (आहेत तशाच.) इतकी माणसे एकट्याने सांभाळायची, म्हणजे रविवार सकाळ पुरत नाही, मी शनिवारपासून तयारीला लागतो.

गेल्या खेपेस तिने विचारले, पुढची सहल कुठे? मी तलावाकाठी म्हणालो, आणि बोलता बोलता उंच काकांना ते पटेना. चष्मेवाले त्यांच्या बाजूला गेले. बाईंनी मतदान घेतले. काय सांगू! जे मंडळ नाहीच, त्यात मी हरलो. आणि येत्या रविवारी ते सगळे मला वगळून धबधब्यावर चालले आहेत!