खिडकीतला ग्रीशा

बरणी घासून ठेवायची, एवढंच कोरायने ठरवलं होतं.

शनिवारची सकाळ होती. घरमालकीण रिम्मा आर्काद्येव्हना आठच्या गाडीने शहराबाहेरच्या आपल्या बागेतल्या घरी गेल्या होत्या. बर्फ वितळल्यावर घराचं छप्पर जागेवर राहिलंय की नाही, ते बघायला. (पूर्ण नाव घेतल्याशिवाय त्या कुणाला ओ देत नसत, पण त्या इथे नाहीत तोवर आपण त्यांना रिम्माबाई म्हणू.) पाचपर्यंत त्या परतणार होत्या आणि आल्यावर कोरायला घरात ठेवायचं की नाही, ते सांगणार होत्या.

कोराय मूळचा तुर्कस्तानातल्या अलान्याचा. तिथल्या एका हॉटेलात तो काउंटरवर उभा असे. उन्हाळाभर हॉटेल रशियन पाहुण्यांनी भरायचं आणि कोराय त्यांच्याकडे बघून नुसता हसायचा. शेवटी मालक म्हणाला, "नुसतं हसून किती वर्षं काढणार? वर्षभर जा, रशियन शिकून सर्टिफिकेट आण. काउंटरचा प्रमुख करतो." म्हणून तो रशियातल्या समारा शहरात आला. हॉस्टेलच्या खोलीत चौघे होते, चौघेही तुर्की. फेब्रुवारीपर्यंत कोरायचं रशियन होतं तिथेच राहिलं, तुर्की मात्र फार सुधारलं. मग शिकवणाऱ्या बाईंनीच त्याला रिम्माबाईंकडे खोली बघून दिली.

रिम्माबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "एक महिना बघेन. पटलं तर त्यानंतरच्या सोमवारी सरकारी ऑफिसात जाऊन माझ्या पत्त्यावर तुझी नोंदणी करीन. नाही पटलं तर हॉस्टेल आहेच." आधीचा भाडेकरू घरात शीळ घालायचा, आणि शिळेने घरातला पैसा जातो असं त्या मानत. तो सहा दिवसांत गेला.

कोराय महिनाभर जपून वागला. घरात सपाता घातल्या, बाहेर पडताना कानटोपी घातली, अपशकुन नको म्हणून टेबलाच्या कोपऱ्याशी बसला नाही, शीळ तर झोपेतही घातली नाही. रोज संध्याकाळी रिम्माबाई एक ग्लासभर तपकिरी, आंबटगोड, गार पेय पुढे ठेवायच्या. तो ते घटाघटा प्यायचा आणि मनापासून तारीफ करायचा. "सफरचंदं तुमच्या बागेतली का?" असं त्याने एकदा विचारलंही होतं. त्या खूप हसल्या आणि ग्लास परत भरला.

तर आता शेवटच्या दिवशी स्वयंपाकघर लख्ख करून ठेवावं, म्हणजे निकाल आपल्या बाजूने लागेल, असा त्याचा हिशोब. त्याने शेगडी घासली, फरशी पुसली, कचऱ्याचा डबासुद्धा धुतला. मग खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि त्याला ती बरणी दिसली.

तीन लिटरची काचेची बरणी. तोंडाला पातळ फडकं आणि रबर. आत चहा, आणि चहावर बोटभर जाडीचं, पांढुरकं, भिजलेल्या भाकरीसारखं काहीतरी तरंगत होतं. खालून तपकिरी धागे लोंबत होते.

अलान्यात अर्ध्या तासापूर्वीचा चहा कुणी पाहुण्यासमोर ठेवत नाही. हा चहा कमीत कमी आठवड्याचा होता. कोरायला गलबलून आलं. बिचारीने चहा करून ठेवला आणि विसरून गेली, असंच त्याला वाटलं. वय झालं, नजर कमी झाली. आपण बोलायचं नाही, लाज वाटेल तिला. गुपचूप धुऊन ठेवायचं.

त्याने बरणी मोरीत उपडी केली. चहा गेला आणि मागोमाग ते प्रकरण बदकन बाहेर पडलं. कचऱ्याचा डबा नुकताच धुतलेला, त्यात हे कसं टाकायचं? म्हणून त्याने ते उलथन्यावर घेतलं, मान वळवून संडासापर्यंत नेलं, सोडलं आणि साखळी ओढली.

ते गेलं नाही. त्याने पुन्हा ओढली. पाणी वर यायला लागलं.

पाचव्या मजल्यावर सावेलीकाका राहत. जन्मभर नळदुरुस्ती करून आता निवृत्त झाले होते. कोराय एका पायात सपात नसतानाच वर पळाला. काका लांब तार घेऊन आले, बाह्या सरसावल्या, दोन हिसके दिले, आणि तारेच्या टोकाला ते लोंबत बाहेर आलं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या, चकचकीत बरणीकडे पाहिलं. मग भिंतीला टेकले.

"पोरा," ते म्हणाले, "हा ग्रीशा आहे."

"कोण?"

"ग्रीशा! रिम्मा आर्काद्येव्हनाचा ग्रीशा. एकवीस वर्षांचा. नवरा सहा वर्षांत निघून गेला, हा टिकला!"

"काका, ती बुरशी होती..."

"बुरशीच! चहाची बुरशी. गोड चहात वाढवायची. ती चहा पिते, आपण तिचं पाणी प्यायचं. तू रोज संध्याकाळी काय पितोस इथे?"

"सफरचंदाचा रस," कोराय म्हणाला. 

"हा घे तुझा रस!" काकांनी तार पुढे केली.

आता कोरायला सगळं समजलं. त्याच्या घरी आजी दह्याचं विरजण असंच जपायची. तिच्या आईकडून आलेलं विरजण. लग्नाला परगावी जाताना ते बाटलीत घालून मांडीवर घेऊन बसायची. तिचं विरजण कुणी संडासात ओतलं असतं, तर त्या माणसाची नोंदणी घरातच काय, गावातही राहिली नसती.

"काका," तो हळूच म्हणाला, "हे धुऊन परत बरणीत घातलं तर?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. (खरं तर उत्तर द्यायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला.) मग म्हणाले, "नको. पिणार ती एकटी नाही, आम्हालाही पाजते."

तरी एक उपाय होता. ग्रीशाला थर यायचे, आणि पूर्वी एकेका नव्या वर्षाला रिम्माबाईंनी एकेक थर सोडवून जिन्यातल्या तीन घरी दिला होता. म्हणजे ग्रीशाची पिल्लं घरोघरी होती.

"मग तुमच्याकडचा द्या ना!" कोरायच्या जिवात जीव आला. "परवाच रिम्मा आर्काद्येव्हनांनी जिन्यात विचारलं, तर तुम्ही म्हणालात, छान वाढतोय."

सावेलीकाका तार पुसू लागले. बराच वेळ पुसत राहिले.

"माझा मेला," ते म्हणाले. "चार वर्षं झाली. उकळता चहा ओतला मी. घाईत होतो."

"आणि तुम्ही दर आठवड्याला सांगता..."

"मग काय सांगू? तिला तोंडावर सांगून बघ एकदा!"

दोघे तिसऱ्या मजल्यावर नेल्लीबाईंकडे गेले. त्या शाळेत हिशोबनीस होत्या, व्यवस्थित बाई. दार उघडून सावेलीकाकांना पाहताच त्या आपणहून म्हणाल्या, "माझा छान वाढतोय."

"बरं झालं," काका म्हणाले. "एक थर दे."

नेल्लीबाईंनी जिन्यात वर-खाली पाहिलं. आतल्या रेडिओवरचं गाणं संपलं, जाहिरात लागली.

"दार लावा आधी," त्या कुजबुजल्या. "माझा गेला हो. फ्रीजमध्ये ठेवला होता, मागच्या बाजूला. सापडला तेव्हा कडक झाला होता. ती माझ्याकडे येते तेव्हा मी दुकानातून तसलं पेय आणून भांड्यात ओतते. तीच म्हणते, ग्रीशाची चव काही औरच!"

"तू पण?" सावेलीकाका म्हणाले.

"तुमचाही?" नेल्लीबाई म्हणाल्या. आणि चार वर्षं एकमेकांसमोर मान खाली घालून जिना चढणारी ती दोन माणसं एकदम इतकी हसली, की कोरायला मधे उभं राहणं अवघड झालं. त्याचं हसण्यात लक्षच नव्हतं. घड्याळात दोन वाजले होते.

"राहिली एकच," नेल्लीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तळमजल्यावरची ताईसिया."

"तिच्याकडे? तिच्याकडे नको," काका म्हणाले.

ताईसिया पेत्रोव्हना आणि रिम्माबाई नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. ग्रीशाचा थर देताना रिम्माबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "ताईसिया, तुझ्याकडे तर काकडीचं रोपसुद्धा जगत नाही. हा महिनाभर तरी टिकव." त्या दिवसापासून एक जिना चढत असली, की दुसरी दाराआड थांबायची.

कोरायने एकट्याने जाऊन बेल वाजवली. दाराची साखळी न काढता फटीतून एक डोळा दिसला.

"रिम्माचा तुर्क ना तू?"

"हो. मी... आज मी ग्रीशाला... संडासात..." पुढे शब्द सुचेनात, म्हणून त्याने हाताने संडासातली साखळी ओढल्यासारखं करून दाखवलं.

दार बंद झालं. मग दाराची साखळी निघाली.

ताईसियाबाईंच्या स्वयंपाकघरात, विणलेल्या रुमालावर, पाच लिटरची बरणी मांडली होती. तिच्यात चार बोटं जाड, दुधाळ, गुळगुळीत ग्रीशा एखाद्या मंत्र्यासारखा पसरला होता.

"बघितलास?" ताईसियाबाई म्हणाल्या. "दर रविवारी गार पाण्याने आंघोळ घालते. नऊ वर्षं वाट बघतेय, की ती एकदा खाली येईल आणि बघेल. आणि आलं कोण? तू!"

"मला एक थर द्याल का? पाचच्या आत?"

"देते. पण एका अटीवर. हा कुणाकडचा आहे, ते तिला सांगायचं. माझं नाव घेऊन सांगायचं."

त्या क्षणी कोरायने कशालाही होकार दिला असता. थर, थोडं जुनं पाणी आणि भरपूर सूचना घेऊन तो वर धावला. सावेलीकाकांनी चहा गार होईपर्यंत त्याला बरणीला हात लावू दिला नाही. "फुंकर मार," म्हणाले, "पण ओतू नकोस." साडेचारला नवा ग्रीशा बरणीत गेला आणि सरळ तळाशी जाऊन बसला.

पाचला पाच कमी असताना कुलपात किल्ली फिरली.

रिम्माबाईंनी बूट काढले, छप्पर आहे म्हणून सांगितलं, आणि स्वयंपाकघरात येऊन आधी खिडकीकडेच पाहिलं. लख्ख शेगडी त्यांना दिसलीच नाही. त्यांनी बरणी उजेडात धरली. मग चमचा बुडवून थेंबभर जिभेवर घेतला.

कोरायने जिन्यात पाठ केलेली तीन वाक्यं एका दमात म्हटली, आणि ती अपुरी पडली म्हणून उरलेलं सगळंच सांगितलं: बरणी, उलथनं, साखळी, तार. सावेलीकाका आणि नेल्लीबाईंचं तेवढं गाळलं. शेवटी म्हणाला, "हा ताईसिया पेत्रोव्हनांकडचा आहे. त्यांचं नाव घेऊन सांगायचं कबूल केलंय मी."

रिम्माबाई स्टुलावर बसल्या. पुन्हा चमचा बुडवला. त्यांचे डोळे भरून आले.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच ग्रीशा."

"नाही, रिम्मा आर्काद्येव्हना. ग्रीशाला मी..."

"तू फेकलास तो ग्रीशा नव्हताच." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तीन वर्षांपूर्वी मी गुडघ्यांच्या उपचाराला गेले होते, दोन आठवडे. बरणी खिडकीत, कडक ऊन. आले तर सगळं वाळून गेलेलं. मग बाजारातल्या एका बाईकडून दुसरा आणला. जिन्यातल्या लोकांना काय सांगणार होते मी? एकेकाने किती जिवापाड जपलाय! सावेली, नेल्ली..."

कोरायने लख्ख शेगडी पुन्हा पुसायला घेतली.

"आणि खरा राहिला तो तिच्याकडे," रिम्माबाई म्हणाल्या. "काकडीचं रोप जगत नाही तिच्याकडे!"

त्या उठल्या, चांगला रुमाल डोक्याला बांधला, रासबेरीच्या मुरंब्याची बरणी काखेत मारली आणि खाली गेल्या. कोरायला ठेवायचं की नाही, ते सांगायचं राहूनच गेलं.

तो तासभर वाट बघत बसला. मग उठून त्याने बॅग भरली. सदरे, दोन वह्या, शब्दकोश. हॉस्टेलमधल्या मित्राला फोन करून आपली खाट रिकामी आहे का, तेही विचारून घेतलं. मित्र तुर्कीत म्हणाला, "ये की, पत्ते खेळायला चौथा हवाच होता."

साडेसातला रिम्माबाई आल्या. गाल लाल, रुमाल मानेवर घसरलेला. खाली चहा झाला होता, रडणं झालं होतं, आणि काकडीचं रोप मरण्यात चूक मातीची होती, हेही ठरलं होतं.

"बॅग कशाला भरलीस?"

"मला वाटलं, आता..."

"सोमवारी नऊला तयार राहा. नोंदणीला जायचंय."

"म्हणजे मी पटलो तुम्हाला?" कोरायचा विश्वास बसेना.

"पटण्याचं सोड. बाजारातल्या ग्रीशाचं तुला कळलंय. आता तुला घराबाहेर पाठवून मला परवडेल का?"

अशी त्याची नोंदणी झाली. घरचा माणूस झाला म्हणून रिम्माबाईंनी खऱ्या ग्रीशाचा एक कोवळा थर छोट्या बरणीत घालून त्याच्या खोलीच्या खिडकीत ठेवला आणि बजावलं, "दर रविवारी आंघोळ."

पहिल्याच रविवारी कोरायने त्याला आंघोळ घातली. नीट, मनापासून, भांडी घासायच्या साबणाने.

जूनमध्ये तोंडी परीक्षेच्या आधी शिकवणाऱ्या बाईंनी त्याचा सराव घेतला आणि मान हलवली. कोराय अजून दर वाक्याला अडखळत होता. पण एका वाक्याला नाही. ते तो जिन्यात रिम्माबाईंना, ताईसियाबाईंना, आणि मान खाली घालून चढणाऱ्या सावेलीकाकांनासुद्धा रोज सांगे, आणि इतक्या सफाईने, की ऐकणाऱ्याला तो परदेशातून आलाय अशी शंकाही येऊ नये:

"माझा ना? छान वाढतोय."