उखाआप्पांची काचेतली जाई

उखाआप्पा माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत, पायांकडे बघून बोलत. तळोद्याच्या शाळेत मास्तर म्हणून मी नवा आलो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या चपलांकडे इतकं निरखून पाहिलं, की त्या रात्री मी चपला उशाशी घेऊन झोपलो. माहेरी आलेल्या लेकी गल्लीतून निघाल्या की आप्पा ओट्यावरून विचारत, "काय वं पोरी, बरी शे ना?" आणि उत्तर यायच्या आत तिच्या घोट्यांवर नजर लावत. पोरी लुगडं खाली ओढून हसत पळत. त्यांच्या आया मात्र आप्पांना कधी काही बोलत नसत.

झाडांच्या बाबतीतही तोच खाक्या. मातीत फांदी खोचली की तिला मूळ फुटलं का हे बघायला ते ती रोज उपटून पाहत. अर्थात एकही जगली नाही. मग सुरतेला कुठल्याशा लग्नात त्यांच्या ताटात चायनाग्रासची वडी आली. तिच्यातून ताटावरची नक्षी आरपार दिसत होती. आप्पा जेवण अर्धं टाकून आचाऱ्याकडे गेले आणि परतताना चायनाग्रासच्या पुड्या घेऊनच गाडीत बसले.

तेव्हापासून त्यांच्या चुलीवर भाकरीच्या आधी ते पांढरं गवत उकळू लागलं. काचेच्या बरणीत ओतायचं, थिजलं की बाभळीच्या काट्याने भोक पाडायचं आणि त्यात फांदी खोचायची. "आते उपटानं कामच नही, मास्तर. वर सगळं हिरवंच ऱ्हास. खाल दखा, खाल!"

मुळांना उजेड सोसत नाही म्हणून बरणीला ते लुगड्याचा काळा तुकडा गुंडाळत आणि घटकाभराने स्वतःच सोडून बघत. वैशाखात ते थिजवण आकसून काचेपासून सुटे आणि त्यावर अशी बुरशी चढे, की तिचे केस माझ्यापेक्षा दाट.

"आप्पा, माती फुकट मिळते की हो," मी एकदा म्हणालो.

"माती झाकस," आप्पा म्हणाले.

त्यांना एकच लेक होती, रुखमी. ती खापर गावाला दिलेली. पहिलं बाळंतपण तोंडावर असताना ती गेली. बायको त्याच्याही आधी गेलेली. एवढंच मला गल्लीतून कळलं होतं.

एका दुपारी रुखमीचे सासरे, म्हणजे आप्पांचे व्याही, खापरहून आले. आप्पा विहिरीवर होते. पाहुण्याला मी ओट्यावर बसवून घेतलं. तिथे थाळीत चायनाग्रास निवत ठेवलेलं. पाहुण्याने ते पुढ्यात ओढलं आणि बोटांनी अर्धं संपवलं. आप्पा येताच म्हणाला, "साखर टाकाले भुलनात का, याही?" मला हसू आवरेना. मग तोंड पुसत त्याने निरोप सांगितला. मुलाचं दुसरं लग्न ठरलं होतं. मांडव अंगणात पडणार, रुखमीने लावलेली जाई मधे येत होती, तेव्हा ती काढणार. माझं हसू तिथेच विरलं.

आप्पा परतीच्या एस्टीने पाहुण्यासोबतच खापरला गेले. तिथे पाणीसुद्धा न पिता, जाईच्या चार-दोन फांद्या ओल्या धोतरात गुंडाळून परत आले. बाकीच्या बरण्या त्यांनी अडगळीत टाकल्या. एकच बरणी उरली. खापरच्या अंगणातली जाई आता नव्हती, असेल ती या बरणीत.

बाकीच्या फांद्या काळ्या पडून सडल्या. एक तगली. शाळेत जाताना मीही वाकून बघू लागलो. "मूळ उनं का, आप्पा?" ते नकाराची मान हलवत. आणि एके सकाळी सालीवर पांढरा ठिपका दिसला, पुढे त्याचे दोरे झाले. आप्पांनी गल्लीभर गूळ वाटला.

पण त्या थिजवणात जाईला खायला काय होतं? मी ओट्याजवळ खड्डा खणला, शेणखत घातलं. आप्पा बरणी मांडीवर घेऊन बसत आणि "सकाय लावू" म्हणत. अशा कित्येक सकाळी गेल्या. पानं पिवळी पडू लागली तेव्हा मी चिडलोच. "आप्पा, मारताय तुम्ही तिला!"

ते बरणीकडेच बघत राहिले.

"मी लेवाले गयथू, मास्तर. पहिलं बाळंतपण माहेरले ऱ्हास ना. याही बोलना, कापूस येचाई जाऊ द्या, मंग लई जा. रुखमी दारमा उनी. तोंड कसं भरेल, गोरं-गोरं! मी समजनू, पोर सुखमा शे. बोलनी, 'बरी शे, दादा.' मी माघारी उनू." त्यांनी काचेवरून हात फिरवला. "पाय सुजेल व्हतात तिन्हा. खांबसारखा. लुगडाखाल. मी दखातच नहीत. आठ दिवसमा झटका उनात, आन् गयी."

पोरींच्या आया का गप्प बसत ते मला तेव्हा कळलं. आप्पाच उठले. जाई बरणीतून अलगद सोडवून खड्ड्यात लावली आणि माती हाताने दाबली. मी पाणी घातलं. दोन-तीन दिवसांत पानांवर जरा तरतरी आली, असं मला तरी वाटलं.

मग एका सकाळी दात घासत मी बाहेर आलो. आप्पा ओट्यावर बसले होते. खड्डा उकरलेला. जाई त्यांच्या ओंजळीत होती. मुळांची माती त्यांनी तांब्यातल्या पाण्याने धुऊन काढली होती. पानं मनगटावर मलूल लोंबत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"मुया बऱ्या शेतस, मास्तर," ते म्हणाले. किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा निवांत दिसत होता. "मी दखी लिन्ह्यात."

"हो आप्पा," मी म्हणालो. "बऱ्या आहेत."