आठ वर्षांची कोरी बॅग

"शब्द पाठ करून घे गं पोरीकडून. करून दाखवायला जाऊ नकोस," हेमाताई मेथी निवडता निवडता सुनेला म्हणाल्या होत्या. त्या अनुभवाने बोलत होत्या. त्यांचा मुलगा साकेत तिसरीत असताना त्यांनी त्याला बाष्पीभवन समजावलं होतं, आणि त्याने दुसऱ्याच दिवशी दीड लिटर दूध गॅसवर ठेवून वाफ मोजली होती. ते पातेलं नंतर कुंडीखाली गेलं.

क्षिप्रा नुसती हसली. एम.एस्सी. झालेली बाई ती. त्यात श्रियाच्या शिंकेचीही वहीत नोंद ठेवणारी आई. "आई, पाठांतराचे दिवस गेले हो. हाताने केलं की मुलं विसरत नाहीत."

हे मात्र खरं ठरलं. कोणीच विसरलं नाही.

श्रियाला शाळेतून इंग्रजी शब्द मिळाला होता, डिस्पोजल. अर्थ लिहा आणि वाक्यात उपयोग करा. क्षिप्राने अर्थ सांगितला, "विल्हेवाट."

"विल्हेवाट म्हणजे?"

क्षिप्राने साकेतकडे पाहिलं. साकेतने पंख्याकडे पाहिलं.

"म्हणजे बघ," क्षिप्रा म्हणाली, "घरातली जी वस्तू वर्षभर कोणी वापरलेली नाही, ती काढून टाकायची. आज रविवार, सुक्या कचऱ्याची गाडी यायचीय. तू घरभर फीर, वस्तू शोध, चिठ्ठी लाव." आणि तिने पोरीच्या हातात पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांचा अख्खा गठ्ठा दिला.

ठाकुर्लीच्या त्या दोन खोल्यांत तासाभरात हळदीचा कार्यक्रम झाल्यासारखं दिसायला लागलं. साकेतच्या व्यायामाच्या सायकलला चिठ्ठी. त्याच्या गिटारला दोन. लग्नात आलेल्या सहा लेमनसेटना सहा. "बाबा, तू हे वापरतोस?" असं विचारून श्रिया कंबरेवर हात ठेवून उत्तराची वाट बघायची. महापालिकेचा माणूससुद्धा इतक्या कडक नजरेने बघत नाही. क्षिप्रा कौतुकाने व्हिडिओ काढत होती.

मग ती कचऱ्याच्या गाडीची वेळ विचारायला नाक्यापर्यंत गेली. वर आली तर खिडकीजवळची आरामखुर्ची रिकामी. या वेळी विश्रामराव, म्हणजे सासरे, तिथे पेपर वाचत असतात, आणि बारापर्यंत त्यांना उठवायची कोणाची टाप नसते. खुर्चीच्या हातावर पिवळी चिठ्ठी होती. डिस्पोजल.

"श्रिया, ही तू लावलीस?"

"बॅगेला लावलेली. आजोबांनी काढून इथे चिकटवली."

"कुठली बॅग?"

"कपाटावरची. निळी."

कपाटावर निळी बॅग नव्हती. फोन मात्र चार्जिंगला लावलेला होता. क्षिप्राने खिडकीतून वॉचमन उत्तमकाकांना हाक मारली.

"गेले की मघाशीच," ते खालून ओरडले. "बॅग होती हातात. मी म्हटलं, कुठे? तर म्हणतात, नातीने नोटीस लावली."

ही वाक्यं तीन मजले चढून आली आणि वाटेतल्या प्रत्येक खिडकीत थोडी थांबली. पहिल्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी वर पाहून फक्त मान हलवली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीत काय बोललं जाणार, ते क्षिप्राला तिथेच ऐकू यायला लागलं. सुनेने सासऱ्यांना सुक्या कचऱ्यात काढलं. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण बाबांना खरंच तसं वाटलं असेल तर?

"ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोत," हेमाताई पर्स उचलत म्हणाल्या. "रुसले की डेपोतच जातात हे. चौतीस वर्षं कंडक्टर होते. माहेरच ते त्यांचं."

साकेतला कचऱ्याच्या गाडीसाठी घरी ठेवून तिघी रिक्षात बसल्या. शीळफाट्याला रिक्षा अडकली ती अडकलीच. क्षिप्राने तेवढ्या वेळात माफीची चार भाषणं तयार केली. मग तिने विचारलं, "आई, कसली हो ती बॅग?"

"निवृत्तीला डेपोतल्या लोकांनी दिलेली. दोघांनी फिरायचं ठरलेलं ना. दर महिन्याला एक गाव, एसटीने. यादीसुद्धा केलेली यांनी." हेमाताई बाहेर बघत होत्या. "मग ही झाली. तू म्हणालीस, हिला पाळणाघरात ठेवायला जीव होत नाही माझा."

क्षिप्राची चारही भाषणं तिथेच, शीळफाट्याला, उतरून गेली.

खोपटला विश्रामराव बाकावर बसले होते. मांडीवर निळी बॅग, हातात कटिंग चहा, बाजूला दोन जुने ड्रायव्हर. चेहरा एवढा खुशीत, की रुसल्याचा पुरावाच सापडेना.

"बाबा, सॉरी. तुम्हाला वाटलं असेल की..."

"मला कशाला काय वाटतंय? श्रियाने नियम सांगितला. वर्षभर वापरली नाही की बॅग जाणार. म्हटलं, एकदा खोपटपर्यंत नेऊन आणू, म्हणजे वाचेल." त्यांनी चेन उघडली. आत दुकानदाराने कोंबलेले कागद तसेच होते. त्यावर एक टॉवेल आणि तेवढी ती घडी घातलेली यादी.

हेमाताईंनी यादी घेतली, उलगडली, वाचली. "पहिलं चिपळूण लिहिलंय."

"गाडी ती काय, लागलीय समोर," एक ड्रायव्हर म्हणाला.

"अहो, पण माझे कपडे?"

"बाजारात साड्या मिळतात, हेमा."

क्षिप्राला वाटलं, चेष्टा चाललीय. मग दोघं खरंच चढली. खिडकीतून हेमाताई म्हणाल्या, "मेथी निवडून ठेवलीय. आणि श्रियाची बस उद्या साडेबाराला येते, कोणीतरी खाली उभं राहा."

सोमवारी क्षिप्राने रजा टाकली. मंगळवारीही. चिपळूणनंतर यादीत गुहागर होतं.

श्रियाने वहीत वाक्य लिहिलं: आमच्या बॅगेचं डिस्पोजल झालं नाही, आजीचा फोन लागत नाही. बाईंनी तेच इंग्रजीत लिहायला सांगितलंय.

तेव्हा क्षिप्राचा एक निरोप आहे. तुमच्याही घरी नातवंडासाठी थांबलेलं कोणी असेल, तर हे वाचून झाल्यावर जरा आतल्या खोलीत जाऊन या. ते जागेवर आहेत ना, ते बघा. आणि जागेवरच असतील, तर कपाटावरची बॅग खाली काढून त्यांना विचारा, कुठे जायचं राहिलंय.