पेशीत शिरलेले प्रतिपिंड आणि बाहेर पडलेली बातमी

विज्ञान संथ चालते आणि बातमी धावते, ही ज्याची त्याची प्रकृती आहे. त्यात कोणाला दोष देता येत नाही.

आमच्या संशोधन संस्थेचे कार्य थोर आहे. कर्करोगाच्या पेशीत एक एन्झाइम असते. 'वाढा, दुप्पट व्हा' असा हुकूम ते अखंड सोडत असते. नेहमीची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, पेशीच्या दारातच अडतात. म्हणून आम्ही खुद्द पेशीकडूनच आतल्या आत प्रतिपिंड बनवून घेतो आणि ते त्या एन्झाइमचे तोंड दाबते. थोडक्यात, घरचा भेदी. (प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी हे 'लक्ष्यवेधी आंतरपेशीय हस्तक्षेप' असे सुधारून घेतले.)

काचेच्या ताटलीत हे उत्तम चालते. माणसाच्या शरीरात अजून गेलेले नाही, एवढी किरकोळ बाब सोडली तर औषध तयारच आहे. 'येत्या पाच वर्षांत रुग्णांपर्यंत' हे वाक्य आम्ही सतरा वर्षे न चुकता प्रसिद्ध करतो. दिल्या शब्दाला इतके जागणारी संस्था विरळाच.

वार्षिक अहवालातले यश असे: बातमी वाचणारे दोन लाख अकरा हजार; आशावादी झालेले चौऱ्याण्णव टक्के; बरे झालेले (हा रकाना जागेअभावी काढला आहे).

अशा सुरळीत कारभारात ताटल्या सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने खोडा घातला. त्याच्या थोरल्या बहिणीच्या स्तनात गाठ निघाली होती आणि शस्त्रक्रियेची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली होती.

"अरे, तुमचंच औषध येतंय ना? मग कापाकापी कशाला?" तिने मोबाईलवरची बातमी त्याच्यापुढे धरली.

नियमानुसार त्याने 'येत्या पाच वर्षांत' म्हणायला हवे होते. तो म्हणाला, "ताई, ते अजून ताटलीतून बाहेर आलेलं नाही. रोज मीच उघडतो त्या ताटल्या. तू सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

ताई चिडली, रडली. मग गेली. पहिल्यांदा ठरलेल्या तारखेला आली असती तर गाठीपुरतं कापून भागलं असतं, असे डॉक्टर म्हणाले. आता सगळेच काढावे लागले.

आशावाद्यांच्या संख्येत एकाची घट केल्याबद्दल तंत्रज्ञाला नोटीस गेली. ताईंची दिशाभूल कोणी केली, यावर समितीही बसली. संस्था निर्दोष ठरली. आम्ही बातमी फक्त छापून आणली होती. ताईंना ती नातेवाइकांच्या ग्रुपवर मिळाली. वाचकहो, ती तुम्हीच पाठवली होती, नुसते शीर्षक वाचून, खाली 'आता काळजी नको' असे लिहून. त्यानंतर तुम्ही ताईंना एक फोनही का केला नाहीत, हे विचारण्याचा अधिकार समितीला नव्हता.