उन्हाची खुर्ची

शेवटचा चहा आम्ही ओट्यावर प्यायलो. सुशीला उन्हात, मी सावलीत. बशीतला चहा फुरकत ती म्हणाली, "आज तुमची सावली." मी म्हटलं, "बरं." एवढंच बोलणं झालं. त्याच दिवशी ती गेली.

हे सावलीचं प्रकरण सांगितलं पाहिजे. पंचवटीत आमच्या ओट्यावर दोन खुर्च्या. एकीवर कडुनिंबाची सावली, दुसरीवर ऊन थेट डोळ्यांत. बायकोचा कायदा असा, की रोज जागा बदलायच्या. आज मी उन्हात, उद्या ती. टेनिसात खेळाडू बाजू बदलतात ना, तसं. पाहुणा आला तर त्याला चहा अर्धा झाला की उठवायची. "बाजू बदला." आमचे व्याही एकदा बशी सांभाळत उठले, आणि पुढच्या वेळी आले ते उभ्यानेच चहा पिऊन गेले.

ती टेनिसची राज्याची चॅम्पियन. खोटं वाटेल, पण होती. तिचा बाप कोर्टावर मार्कर, म्हणजे मेंबर लोकांना खेळवणारा. मेंबरांनी टाकलेल्या रॅकेटवर ती शिकली. मी पेठ तालुक्यातून आलेला, चौथी शिकलेला गडी. रोलर ओढायचो, चुन्याच्या रेषा मारायचो.

चॅम्पियन झाली त्याच्या पुढच्या वर्षी ती फायनल हरली, आमच्याच कोर्टावर. तिचा चेंडू रेषेबाहेर दोन बोटं पडला. पंचाने आत दिला. हीच म्हणाली, "बाहेर होता." तिथून सामना फिरला. सामना संपल्यावर मी म्हटलं, "पंच देत होता तर तोंड कशाला उघडलंस?"

"रेष कोणी मारली रे?"

"मी."

"मग तुला दिसलं नाय?"

"दिसलं."

"मग झालं तर."

पुढे आमचं लग्न झालं. 'अरे'चं 'अहो' झालं, हुकूम तेच राहिले.

बाजारातसुद्धा तिचं तेच. भाजीच्या गाडीचं चाक पांढऱ्या पट्ट्यापुढे दिसलं की "आउट." भाजीवाला म्हणायचा, "आजी, पट्ट्यावरच हाय ना." मग ही वाकून बघायची, आणि पट्ट्यावर असलं तर माफी मागून कोथिंबीर घ्यायची.

गुडघे गेले, खेळ सुटला. जिंकलेल्या कपात ती कपड्यांचे चिमटे ठेवायची. हरलेल्या फायनलची पितळी ढाल मात्र दर दिवाळीला चिंच लावून घासायची. शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलं, जिंकल्यावर कसं वाटायचं?

"भूक लागायची."

"आणि हरल्यावर?"

"तेव्हाही लागायची. पण घास हातात राहायचा आणि मी तोच चेंडू खेळत बसायची."

"आता करमतं का?"

माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आता ह्यांच्याशी खेळते. चेंडू परतच येत नाय."

खरं आहे. मी लय कमी बोलतो.

अशी ही बाई माझ्याशी खोटं बोलली. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उन्हात काळा चष्मा लावा. मी म्हटलं, लोक हसतील, लावणार नाही. दुसऱ्या सकाळी ती म्हणाली, "आज तुमची सावली." तिसऱ्या सकाळीही तेच.

"काल माझीच होती की."

"काल तुम्ही उन्हात होता. विसरायला लागलात."

माझ्याकडे न बघता बोलली. डोळा बरा झाला तरी रोज माझीच सावली. सहा महिने. मला कळत होतं, पण तिचं खोटं पकडायची माझी छाती नव्हती. रोज ठरवायचो, उद्या आधी जाऊन उन्हात बसायचं. रोज ती माझ्याआधी बसलेली असायची.

त्या दिवशी चहा पिऊन ती कपडे वाळत घालायला गेली. फरशीवर कप पडल्याचा आणि चिमटे सांडल्याचा आवाज आला. मी पोचेपर्यंत संपलं होतं. संध्याकाळी सगळं उरकून आलो.

दुसऱ्या सकाळी घरात पाहुणे निजलेले होते. आमची शेगडी बंद, म्हणून वहिनींनी चहा आणून दिला. मी दोन्ही खुर्च्या बाहेर मांडल्या आणि उन्हातल्या खुर्चीत बसलो. मुलगी दारात आली.

"बाबा, डोळ्यांत ऊन येतंय. सावलीत बसा ना."

म्हटलं, "आज तुझ्या आईची सावली आहे."

चहा अर्धा झाला, मग संपला. मी उठलो नाही.